जालना एमआयडीसी ते परदेशी बास्केटबॉल क्लब : खर्च किती आणि कोणाच्या खिशातून

परदेशी क्लबला खेळाडू खरोखर हवा असला तर विमानाचे तिकीट क्लब काढतो, राहायची सोय क्लब करतो आणि पगारही क्लबच देतो. करार मिळवण्यासाठी खेळाडूच्या घरून एक रुपयाही जायचा नसतो. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण कॉलेजकडून खेळणाऱ्या मुलामुलींच्या पालकांकडे सगळ्यांत मोठी रक्कम नेमकी याच नावाखाली मागितली जाते. युरोपातल्या क्लबचा करार, थायलंडची ट्रायल, अमेरिकेचा एक्स्पोजर कॅम्प, अशी नावे वेगवेगळी आणि आकडे दोन लाख, चार लाख. रोलिंग मिलमध्ये भट्टीपाशी पाळी करणाऱ्या किंवा बियाणे कंपनीच्या गोदामात राबणाऱ्या माणसाची ती वर्षा-दोन वर्षांची कमाई असते.

पैसे लागतात, आणि बरेच लागतात. पण ते इथेच लागतात, जालन्यात, चार-पाच वर्षे, महिन्याच्या महिन्याला. ज्यांनी ही रक्कम दूध-अंडी, बूट, प्रवास आणि गुडघ्यावर घातली त्यांच्या मुलांना निदान संधी तरी मिळते. ज्यांनी ती एजंटाच्या हातावर ठेवली त्यांच्याकडे विमानतळावरचा फोटो उरतो.

खालच्या हिशेबात डॉलर ९० रुपये आणि युरो १०० रुपये धरला आहे. बाजारातल्या वस्तूंचे आकडे अंदाजाचे आहेत. सरकारी आणि दूतावासाची शुल्के अधूनमधून वाढतात, तेव्हा भरण्याआधी त्या-त्या अधिकृत संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या.

आजवर कोण गेले

भारतातून परदेशी क्लबकडे गेलेल्यांची यादी छोटी आहे, पण तिच्यात शिकण्यासारखे भरपूर आहे. गीतू ॲना जोस ही केरळमधल्या चंगनाशेरीच्या असम्प्शन कॉलेजची खेळाडू. दक्षिण रेल्वेत नोकरी लागली, भारतीय संघात आली आणि मग ऑस्ट्रेलियात रिंगवूड हॉक्सकडून खेळली. २०११ मध्ये अमेरिकेच्या डब्ल्यूएनबीए या महिला लीगमधील शिकागो, लॉस एंजेलिस आणि सॅन अँटोनिओ या तीन संघांनी तिची चाचणी घेतली. निवड झाली नाही, तरी परत येऊन रुजू व्हायला रेल्वेची नोकरी होती.

अमृतपाल सिंग अमृतसरकडच्या शेतकरी कुटुंबातला. आधी कबड्डी खेळायचा, बास्केटबॉलकडे वळला तेव्हा वयाची अठरा-एकोणीस वर्षे उलटली होती. लुधियानाच्या अकादमीत तयार झाला, जपानमध्ये टोकियो एक्सलन्सकडून खेळला आणि २०१७ मध्ये सिडनी किंग्जने त्याला घेतले. अमज्योत सिंगही टोकियोमार्गेच २०१७-१८ च्या हंगामात ओक्लाहोमा सिटी ब्लू या एनबीएच्या दुय्यम लीगमधल्या संघात पोहोचला. वाराणसीच्या विशेष भृगुवंशीला २०१७ मध्येच ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या संघाने हंगामपूर्व सरावासाठी घेतले. सतनाम सिंगला २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडले. महाराष्ट्राकडे पाहिले तर पुण्याची शिरीन लिमये भारतीय महिला संघाची कर्णधार झाली. मराठवाड्याचे नाव या यादीत अजून नाही.

यातली कोणतीही वाट कॉलेजच्या मैदानावरून थेट विमानतळावर गेलेली नाही. मधे भारतीय संघ आहे. आणि बहुतेकांच्या मागे पक्की नोकरी आहे : रेल्वे, ओएनजीसी, बँक. परदेशी करार सहा-आठ महिन्यांचा असतो. तो संपल्यावर घरी पगार चालू राहील, एवढी निश्चिंती असलेलाच माणूस तिकडे मोकळ्या मनाने खेळू शकतो. म्हणून नोकरी नको, परदेशच हवा, असे म्हणणाऱ्या मुलाला मी आधी रेल्वेच्या क्रीडा भरतीचा अर्ज भरायला सांगेन.

दुसरी गोष्ट उंचीची. अमृतपाल सहा फूट अकरा इंच, अमज्योत सहा फूट आठ इंच, सतनाम सात फूट दोन इंच. बहुतेक लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात आणि त्या जागेवर क्लबला स्वतःच्या देशात न मिळणारा माणूस हवा असतो. जपानच्या लीगने २०२०-२१ पासून आशियाई खेळाडूंसाठी वेगळी जागा ठेवली, तेव्हाच्या यादीत चीन, तैवान, इंडोनेशिया, फिलिपिन्स आणि दक्षिण कोरिया होते. भारत नव्हता. पाच फूट दहा इंचांच्या मुलाने स्वप्न सोडावे असे अजिबात नाही, पण त्याचा मार्ग वरच्या लीगचा नाही, हे घरात मोकळेपणाने बोलले गेले पाहिजे. उंची बूट काढून मोजा आणि तीच सगळीकडे लिहा.

बारावीनंतरचा निर्णय आधी घ्या

अमेरिकेतल्या कॉलेजात शिष्यवृत्तीवर खेळायचे आणि तिथून व्यावसायिक व्हायचे, हा मार्ग खरा आहे. बेंगळुरूची संजना रमेश एनबीए अकादमीच्या मुलींच्या उपक्रमातून पुढे आली आणि नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठात शिष्यवृत्तीवर गेली. पण हा मार्ग बारावीनंतरचा आहे, बी.ए. किंवा बी.कॉम. झाल्यानंतरचा नाही. अमेरिकेच्या कॉलेज खेळात पात्रतेच्या वर्षांना मर्यादा असते, आणि जगातल्या कोणत्याही कॉलेजात पूर्णवेळ प्रवेश घेतला की त्या वर्षांची मोजणी सुरू होते. जालन्याच्या कॉलेजात एफ.वाय.ला नाव घातले तरी ती सुरू झाली. तीन वर्षांची पदवी घेऊन तिकडे अर्ज केला तर हातात फार थोडा काळ शिल्लक असतो. हे नियम सध्या वेगाने बदलत आहेत, म्हणून अर्ज करायच्या वर्षीचाच नियम वाचा, आदल्या वर्षीचा नव्हे.

पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तरी घरून काही खर्च होतोच. विद्यार्थी व्हिसाआधी भरायचे सेव्हिस शुल्क ३५० डॉलर, म्हणजे ३१,५०० रुपये. व्हिसा अर्जाचे शुल्क १८५ डॉलर, म्हणजे साधारण १६,६५० रुपये. तिथला कॉलेज खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या पात्रता केंद्रातली नोंदणी दीडशे डॉलरच्या आगेमागे. आयईएलटीएस किंवा टोफेल परीक्षा १७-१८ हजार. तिकीट हंगामाप्रमाणे ६० ते ८० हजार. मुंबईच्या एक-दोन फेऱ्या वेगळ्या. सगळे मिळून दीड लाखाच्या आसपास जाते.

शिष्यवृत्ती अर्धी असेल तर मात्र दहादा विचार करा. अर्धी शिष्यवृत्ती म्हणजे उरलेले दहा-वीस लाख दरवर्षी घरून. शिवाय तिथल्या तिसऱ्या विभागातल्या कॉलेजांना खेळाची शिष्यवृत्ती देताच येत नाही. 'डिव्हिजन थ्रीमध्ये स्पोर्ट्स स्कॉलरशिप करून देतो' असे कोणी म्हणाले तर तिथेच उठून या. अमेरिकन खेळाडू जाहिरातींतून कमावतात तसे विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला सहज कमावता येत नाही, हेही हिशेबात धरा. मुलींसाठी हा मार्ग तुलनेने अधिक खुला आहे, कारण तिथल्या कॉलेजांना मुलींच्या खेळावरही मुलांइतकीच संधी द्यावी लागते. उंच मुलगी नववी-दहावीत असतानाच तिच्या घरच्यांशी हे बोलायला हवे.

घरातला खर्च : वर्षाला लाखभर

ज्या मुलामुलींनी इथेच कॉलेज धरले आहे त्यांचा क्रम असा : कॉलेज संघ, विद्यापीठ संघ, राज्यपालांच्या कार्यालयामार्फत होणारा अश्वमेध क्रीडा महोत्सव, पश्चिम विभागीय आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा, आणि त्याच्या जोडीने राज्य संघ व राष्ट्रीय स्पर्धा. विद्यापीठ संघात निवड झाली की प्रवास आणि भत्ता विद्यापीठाकडून मिळतो. निवड होईपर्यंतचा खर्च आपला.

सगळ्यांत मोठा खर्च खाण्याचा आहे आणि घराघरांत नेमका तोच मोजला जात नाही. रोज सहा अंडी, लिटरभर दूध, दोन मुठी शेंगदाणे, केळी, जेवणात वाढीव डाळ आणि आठवड्यातून दोन-तीनदा चिकन. शाकाहारी घरात पनीर आणि सोयाबीन. घरच्या जेवणावर हा वाढीव खर्च रोजचा दीडशे रुपये धरा. महिन्याला साडेचार हजार, वर्षाला ५४ हजार. ही रक्कम वाचवून प्रोटीन पावडरचा डबा आणू नका. खात्री नसलेल्या पावडरीत काय मिसळले आहे ते कळत नाही आणि उत्तेजक चाचणीत सापडल्यावर 'मला माहीत नव्हते' हे उत्तर चालत नाही. सतनाम सिंगसारख्या खेळाडूवर चाचणीत हायजेनामाइन हे द्रव्य सापडल्यामुळे दोन वर्षांची बंदी आली. सर्दी-खोकल्याचे औषध घेतानाही डॉक्टरांना आपण खेळाडू आहोत हे सांगावे.

दुसरा खर्च बुटांचा. आपल्याकडे बहुतेक सराव सिमेंटच्या मैदानावर होतो. सिमेंट बुटांचे तळ खाते आणि गुडघेही खाते. लाकडी मैदानासाठी बनवलेला महागडा बूट इथे चार महिन्यांत गुळगुळीत होतो. म्हणून बाहेरच्या मैदानासाठी जाड रबरी तळाचा सहा-सात हजारांचा एक जोड आणि फक्त स्पर्धेसाठी दुसरा, असे ठेवा. वर्षाला १२ ते १५ हजार. बॉल सरावासाठी रबरी चालतो, हजाराच्या आत येतो. मुलांचा सात नंबर, मुलींचा सहा नंबर; मुलींनी सातच्या बॉलवर सराव करून हात बिघडवू नये.

व्यायामशाळा महिना आठशे धरली तर वर्षाला साडेनऊ-दहा हजार. निवड चाचण्यांसाठी छत्रपती संभाजीनगर, पुणे, नागपूर, मुंबई अशा वर्षाला पाच-सहा फेऱ्या होतात. रेल्वेच्या स्लीपरने गेले आणि वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे राहिले तर फेरीला दोन हजारांत भागते, म्हणजे १० ते १२ हजार. टेप, नी-कॅप, फिजिओथेरपिस्टच्या काही भेटी मिळून आठ हजार. कपडे, स्पर्धांची प्रवेश फी, किरकोळ खर्च पाच हजार.

बेरीज एक लाखाच्या थोडी पुढे जाते. कॉलेजच्या तीन वर्षांत तीन लाख. एजंट 'परदेशी ट्रायल'साठी मागतो तेवढीच ही रक्कम. जालन्यातल्या सहा फूट चार इंचांच्या मुलाला ९० किलोचे, चाळीस मिनिटे धावणारे शरीर या तीन लाखांतून मिळते. क्लब तेच पाहतो.

गुडघा

बास्केटबॉलमध्ये खेळाडूची कारकीर्द अनेकदा अडते ती गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधापाशी. तो तुटला तर शस्त्रक्रिया आणि त्यानंतर निदान नऊ महिने मैदानाबाहेर. खासगी रुग्णालयात खर्च दीड ते तीन लाखांच्या पट्ट्यात जातो. हा आकडा घरावर एका रात्रीत कोसळतो, म्हणून त्याची सोय आधी करून ठेवायची.

एमआयडीसीतल्या कामगारांसाठी यातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि अनेकांना ती ठाऊक नसते. ज्यांचा महिन्याचा पगार २१ हजारांपर्यंत आहे आणि ज्यांचे ईएसआयचे पैसे कापले जातात, त्यांच्या कुटुंबालाही ईएसआयचे उपचार मिळतात. शिकत असलेल्या, वडिलांच्या कमाईवर अवलंबून असलेल्या मुलाला वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत, आणि अविवाहित मुलीला त्यानंतरही. पण त्यासाठी मुलाचे नाव कार्डावर चढलेले हवे. कंत्राटी कामगार असाल तर कंत्राटदाराने तुमचा विमा क्रमांक खरोखर काढला आहे का, हप्ते भरले जातात का, हे आजच पाहा. गुडघा सुजल्यावर नव्हे.

ईएसआय नसेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा आणि ही शस्त्रक्रिया योजनेत बसते का ते लेखी विचारा. शिवाय वीस वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र आरोग्य विमा वर्षाला पाच-सात हजारांत येतो. खेळताना झालेली इजा त्यात धरली आहे की वगळली आहे, ते कलम वाचल्याशिवाय हप्ता भरू नका.

कागदपत्रे : थोडे पैसे, भरपूर चिकाटी

पासपोर्ट ३६ पानांचा घ्यायचा तर १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर आणखी २,०००. पासपोर्ट कार्यालयाकडून पोलीस ना-हरकत प्रमाणपत्र ५०० रुपये. पदवीच्या कागदावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल शिक्का लागला तर सरकारी शुल्क ५० रुपये, वर एजन्सीचे आणि विद्यापीठ पडताळणीचे काही. एकूण पाच-सहा हजारांत हे काम होते.

अडचण नावाची असते. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेले असते, आधारवर शेवटी, एखाद्या दाखल्यावर वडिलांचे नावच गळालेले. स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर तर क्रीडाशिक्षकांनी घाईत लिहिलेले शब्दलेखन. परदेशी व्हिसा अधिकाऱ्याला हे चार वेगवेगळे लोक वाटतात. बारावीतच सगळ्या कागदांवर एक नाव, एक शब्दलेखन, एक जन्मतारीख करून घ्या. पासपोर्टही तेव्हाच काढा. भारतीय संघाच्या शिबिराचे बोलावणे आल्यावर पासपोर्टसाठी धावणारा खेळाडू मागे राहतो.

तुमचा खेळ परक्या माणसाला दिसेल कसा

आंतरविद्यापीठ स्पर्धेत तुम्ही २८ गुण केलेत तरी बँकॉकच्या किंवा वेलिंग्टनच्या प्रशिक्षकाला ते कळायला मार्ग नाही. म्हणून स्वतःची नोंद स्वतः ठेवा. दीड हजारांचा मोबाइल स्टँड घ्या, प्रेक्षागृहात उंचावर उभा करा आणि पूर्ण सामना चित्रित करा. प्रशिक्षकांना संगीत लावलेली तीन मिनिटांची चित्रफीत पाहून समाधान होत नाही. ते पूर्ण सामना मागतात, कारण बचावात तुम्ही काय करता, चुकल्यावर मागे धावता का, बाकावर कसे बसता हे त्यांना पाहायचे असते. दोन चांगल्या संघांविरुद्धचे पूर्ण सामने आणि चार-पाच मिनिटांचा सारांश, एवढे पुरे. कॉलेजचा एखादा विद्यार्थी हे चित्रण जेवणाच्या मोबदल्यात करून देईल. 'प्लेअर प्रोफाइल पॅकेज'साठी वीस-तीस हजार देऊ नका.

थ्री-बाय-थ्री, म्हणजे तीन-तीन खेळाडूंच्या खेळाचा दरवाजा याहून स्वस्त आहे. फिबाच्या, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, थ्री-बाय-थ्री संकेतस्थळावर खेळाडूला विनामूल्य नोंदणी करता येते आणि तिथे नोंदलेल्या स्पर्धांतून जागतिक क्रमवारीचे गुण मिळतात. टोकियो ऑलिम्पिकपासून हा ऑलिम्पिक प्रकार झाला आहे. पाच फूट दहा इंचांच्या, हात चांगला असलेल्या मुलाला इथे जास्त वाव आहे.

एजंट आणि करार

फिबाने परवाना दिलेल्या एजंटांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. समोरच्या माणसाचे नाव त्या यादीत शोधा. नसेल तर बोलणे संपले. परवानाधारक एजंटाची दलाली सर्वसाधारणपणे कराराच्या दहा टक्क्यांच्या आत असते, करार झाल्यावर मिळते आणि बहुतेक वेळा क्लब देतो. करारापूर्वी खेळाडूकडून पैसे घेणारा माणूस खेळाडूचा एजंट नसतो. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या सरकारमान्य भरती एजंटालाही आपल्या नियमांप्रमाणे ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही, हा आकडा लक्षात ठेवा.

क्लबचे पत्र आले तर क्लबच्या अधिकृत संकेतस्थळावरचा ई-मेल पत्ता शोधून स्वतः विचारा : हे पत्र तुमचे आहे का? पत्रात 'टुरिस्ट व्हिसावर या, नंतर बदलून घेऊ' असे लिहिले असेल तर जाऊ नका. पर्यटक म्हणून जाऊन पगारावर खेळणे बेकायदा काम ठरते. पकडले गेले की त्या देशाचे दार वर्षानुवर्षे बंद होऊ शकते. युरोपातल्या चाचणीला क्लबने खरोखर बोलावले आणि शेंगेन व्हिसा घ्यावा लागला तर शुल्क ९० युरो आणि किमान ३० हजार युरो संरक्षणाचा प्रवास विमा लागतो. तो विमा काही आठवड्यांसाठी दोन-तीन हजारांत मिळतो.

एका देशाच्या महासंघाकडून दुसरीकडे जाताना खेळाडूला 'लेटर ऑफ क्लिअरन्स' लागते. ते भारतीय बास्केटबॉल महासंघ देतो आणि ते मागवायचे काम नव्या क्लबच्या देशाचा महासंघ करतो. यासाठीही मधल्या माणसाची गरज नाही. १८ वर्षांखालच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय बदलीवर फिबाचे कडक निर्बंध आहेत. सतरा वर्षांच्या मुलाला कोणी परदेशी क्लबचा करार दाखवत असेल तर तिथे काहीतरी गडबड आहे.

करारात काय असावे? पगार करवजा जाता हातात किती, कोणत्या चलनात, कोणत्या तारखेला. राहण्याची सोय. जाण्यायेण्याचे दोन्ही तिकीट. एकाच बाजूचे नव्हे. वैद्यकीय विमा, आणि दुखापत झाली तरी पगार चालू राहील असे कलम. आणि वाद झाल्यास तो जिनिव्हातल्या बास्केटबॉल लवादाकडे, म्हणजे बॅटकडे, जाईल असे वाक्य. हे लवाद मंडळ २००७ पासून आहे आणि पगार बुडवणाऱ्या क्लबांविरुद्ध खेळाडूंना तिथे न्याय मिळतो. मात्र दाद मागण्याचे शुल्क हजारो युरोंत जाते. चार हजार डॉलरच्या थकबाकीसाठी ते परवडत नाही. म्हणून छोट्या करारात पगार महिन्याच्या सुरुवातीला मागा, आणि एक महिना थकला की घरी यायची तयारी ठेवा. करार इंग्रजीत असतो. सही करण्याआधी जालन्यातल्या एखाद्या वकिलाला हजार-दोन हजार देऊन ओळ न् ओळ समजून घ्या.

मिळते किती? पहिल्या पायरीवरच्या लीगमध्ये महिन्याला काहीशे डॉलरपासून हजार-दीड हजार डॉलरपर्यंत. हजार डॉलरने सात महिने धरले तर ६ लाख ३० हजार रुपये, राहणे क्लबकडे. पंचविशीतल्या खेळाडूसाठी ही रक्कम आणि तो अनुभव मोलाचा आहे; आयुष्याची सोय मात्र यातून होत नाही. राज्य सरकारी नोकरीत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वेची क्रीडा भरती आहे. माझे मत स्पष्ट आहे : आधी नोकरी, मग तिथून रीतसर रजा घेऊन परदेशी हंगाम. गीतूही अशीच गेली.

पैसे एमआयडीसीतूनच उभे राहू शकतात

जालन्याची सळई देशभर जाते, जालन्याचे बियाणे देशभर पेरले जाते. या वसाहतीतल्या कंपन्यांकडे खेळासाठी कायदेशीर पैसा आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीचा वर्षाचा निव्वळ नफा पाच कोटी, उलाढाल हजार कोटी किंवा नक्त मालमत्ता पाचशे कोटी यांपैकी एकही मर्यादा गाठते, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करावी लागते. या कामांच्या अनुसूची सातमध्ये ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त आणि ऑलिम्पिक खेळांचे प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेले आहे. बास्केटबॉल ऑलिम्पिक खेळ आहे.

याहून कामाची गोष्ट : भारताबाहेर केलेला खर्च सीएसआरमध्ये धरला जात नाही, पण त्याला एकच अपवाद ठेवला आहे. राष्ट्रीय स्तरावर राज्याचे किंवा आंतरराष्ट्रीय स्तरावर भारताचे प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूचे प्रशिक्षण. म्हणजे महाराष्ट्राच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धा खेळलेल्या मुलीच्या परदेशी प्रशिक्षणाचा खर्च जालन्यातली कंपनी नियमात राहून करू शकते. अनेक कंपन्यांच्या अधिकाऱ्यांनाही ही तरतूद लक्षात नसते. अर्जात ती लिहा.

दोन अटी सांभाळा. कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्यासाठी केलेला खर्च सीएसआर ठरत नाही, तेव्हा वडील ज्या कारखान्यात आहेत तिथे अर्ज करण्याऐवजी शेजारच्या कारखान्याकडे करा. आणि संस्थेमार्फत खर्च करायचा असेल तर त्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते. एकट्या पालकाने हात पसरण्यापेक्षा कॉलेजची संस्था, नोंदणीकृत क्रीडा मंडळ किंवा जिल्हा संघटना यांनी आठ-दहा खेळाडूंचा मिळून प्रस्ताव द्यावा : वर्षभराचा आहार, बूट, फिजिओथेरपिस्टचे मानधन, विम्याचे हप्ते. दहा खेळाडूंचे मिळून दहा-बारा लाख होतात. सोबत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांचे शिफारसपत्र, खेळाडूंची प्रमाणपत्रे आणि खर्चाचा तिमाही हिशेब देण्याची हमी जोडा.

कारखानदारांनाही कळकळीने सांगावेसे वाटते. स्पर्धेच्या दिवशी चषक आणि फ्लेक्सवर होणारा खर्च कमी करा आणि एका फिजिओथेरपिस्टचा वर्षाचा पगार द्या. तो माणूस या शहरात दहा मुलांचे गुडघे वाचवेल.

बहुतेक कंपन्यांचे सीएसआरचे वार्षिक नियोजन नव्या आर्थिक वर्षासाठी, म्हणजे एप्रिलपासून, ठरते. प्रस्ताव फेब्रुवारीअखेरपर्यंत त्यांच्या टेबलावर गेला पाहिजे, आणि त्याची पोच घ्या.